थायरॉइडच्या ऑपरेशनला भाड्याचा नर्व्ह मॉनिटर : पैसे कशाचे, आणि फसतं कुठे

थायरॉइडची ऑपरेशनं जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, पण नर्व्ह मॉनिटर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना आवाजाची नस काम करते का हे तपासणारं मशीन, विकत घेऊन ठेवावा इतक्या केसेस एकेका हॉस्पिटलात वर्षाकाठी येत नाहीत. मग केसपुरतं मशीन भाड्याने मागवायचं. नागपूरहून गाडीने मशीन येतं, सोबत एक ट्यूब, एक प्रोब (नसेला करंट देणारी बारीक सळई) आणि टेक्निशियन. हे परीक्षण या सेवेचं आहे. वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या मध्यम हॉस्पिटलात ती घेतली तर हाती काय लागतं, एवढंच पाहायचं आहे. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच, त्यामुळे कोणत्या नावाचं मशीन हा प्रश्न इथे दुय्यम.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू काढायच्या असतील, आधी एकदा गळा उघडलेला असेल, कॅन्सर असेल, गाठ छातीत उतरली असेल किंवा पेशंटचा एक स्वरतंतू आधीच बंद असेल, तर मॉनिटर मागवाच. एका बाजूच्या लहान, साध्या गाठीसाठी, सर्जनचा हात रोजचा असेल तर, मशीन नाही म्हणून तारीख पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो ट्यूबच्या खर्चापायी आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या तयारीत जमीन-अस्मानाचा फरक असतो म्हणून.

जाहिरातीत सांगतात की मशीन नस वाचवतं. ते अर्धंच खरं. साधा, अधूनमधून प्रोब लावून तपासायचा मॉनिटर बहुतेक वेळा इजा होऊन गेल्यावरच कळवतो. त्याचे पैसे वसूल होतात ते एकाच ठिकाणी : पहिली बाजू संपली, आता दुसऱ्या बाजूला हात घालायचा की थांबायचं, हे ठरवताना. एक नस गेली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही गेल्या तर श्वासच अडतो आणि गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागू शकते. अहेरी-भामरागडकडच्या घरी ती नळी रोज साफ कोण करणार, सक्शन कुठून आणणार, रात्री अडकली तर गाडी किती वेळात मिळणार? शहरातल्यापेक्षा इथे या एका निर्णयाचं मोल जास्त आहे.

नसेचा मार्ग थोडक्यात. आवाजाची मुख्य नस, रिकरंट लॅरिंजियल, व्हेगसपासून, म्हणजे डोक्यातून गळ्यावाटे छातीत उतरणाऱ्या मोठ्या नसेपासून, फुटते. उजवीकडे ती सबक्लेव्हियन धमनीला आणि डावीकडे महाधमनीच्या कमानीला वळसा घालून पुन्हा वर येते, श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खाचेतून चढते आणि क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालच्या कडीसारख्या कूर्चेच्या) सांध्यापाशी स्वरयंत्रात शिरते. शेवटचे एक-दोन सेंटिमीटर सगळ्यात धोक्याचे. तिथे बेरीचं लिगामेंट थायरॉइडला श्वासनलिकेशी घट्ट धरून असतं. गाठ पुढे ओढली की नसही ताणली जाते. नस कापली जाणं तसं कमी. ताण, कॉटरी (विजेने भाजून रक्त थांबवायचं हत्यार) किंवा अल्ट्रासोनिक कात्रीची धग, जवळून गेलेला टाका किंवा क्लिप यांनीच बहुतेक नसा बंद पडतात, आणि अशी नस डोळ्यांना धडधाकट दिसते. नस शोधून, डोळ्यांनी पाहूनच काम करायचं हा आग्रह फ्रँक लाही यांनी १९३८ मध्ये धरला होता आणि मॉनिटर आला तरी तो सोडायचा नाही. नस दिसते, पण चालते का, एवढंच मशीन वरून सांगतं.

खोक्यात काय येतं

मुख्य वस्तू म्हणजे ट्यूब. भूल देताना घशात घालतात तशीच श्वासाची नळी, पण तिच्या अंगावर उघड्या तारांचा एक पट्टा असतो. हा पट्टा दोन्ही स्वरतंतूंच्या मधोमध टेकला पाहिजे. प्रोबने नसेला बारीक करंट दिला की स्वरतंतूचा स्नायू आकसतो, तारा त्या स्नायूतली वीज उचलतात, पडद्यावर लाट उमटते आणि मशीन टक-टक वाजतं. त्वचेखाली टोचायच्या दोन सुया, जोडणीचा डबा आणि कॉटरी चालू झाली की मशीनचा आवाज बंद करणारी एक क्लिप हा बाकीचा संसार. ट्यूब साधारण ६, ७ आणि ८ मापाच्या येतात. तारांमुळे तिचा बाहेरचा घेर नेहमीच्या त्याच मापाच्या ट्यूबपेक्षा जास्त असतो, हे भूलतज्ज्ञाला आधी माहीत हवं. तरीही बसेल ती सगळ्यात मोठी घ्यावी. सैल ट्यूब तंतूंना टेकत नाही. टेक्निशियनने एकच माप आणलं असेल तर तिथेच हटकावं. किमान दोन मापं सोबत, न वापरलेलं परत, असं बुकिंगच्या फोनवरच ठरवून घ्या.

क्लिपबद्दल एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. कॉटरी चालू असते तेवढा वेळ मॉनिटर बहिरा असतो. म्हणजे भाजण्याचा धोका ज्या क्षणी सर्वांत जास्त, नेमका त्याच क्षणी तो गप्प. नसेपासून ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवणं आणि अल्ट्रासोनिक कात्रीचं तापलेलं पातं नसेकडे न वळवणं, हे काम हाताचंच राहतं.

खरी गडबड ट्यूबमध्ये

सिग्नल मिळत नाही अशी तक्रार आली की आधी ट्यूबकडे पाहावं. ट्यूब बरोबर बसवतात, मग मान मागे करतात, खांद्याखाली उशी सरकवतात, आणि ट्यूब जागची हलते. एक-दोन सेंटिमीटर सरकली तरी पट्टा तंतूंच्या वर किंवा खाली जातो. म्हणून जागा पक्की करायची ती मान मागे केल्यावर, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पुन्हा पाहून. ट्यूब गोल फिरली असेल तर एका बाजूची लाट चांगली आणि दुसऱ्या बाजूची मरतुकडी येते. चिकटपट्टी लावायची तीही या तपासणीनंतरच.

पडद्यावर इम्पीडन्सचा, म्हणजे तारांपाशी करंटला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा हिरवा दिसला की टेक्निशियन "ओके सर" म्हणून मोकळा होतो. ५ किलोओहमपेक्षा कमी आणि दोन्ही बाजूंत १ किलोओहमपेक्षा कमी फरक, हे हवंच. पण तारा ओल्या मांसाला टेकल्या आहेत एवढंच त्यातून कळतं. ते मांस स्वरतंतूचं की घशाचं, हे मशीनला कळत नाही. भूल जरा हलकी असताना श्वासाबरोबर ३० ते ७० मायक्रोव्होल्टची बारीक लहर दिसली तर जागा बरोबर आहे यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

ट्यूबला लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणारी, जेली चोपडायची नाही. हात सवयीने ट्यूबकडे जातो, म्हणून जेली त्या दिवशी ट्रॉलीवरच ठेवू नये. घशात साठलेली लाळ सक्शनने काढावी, तीही सिग्नल खाते. आणि स्नायू ढिले करण्याचं औषध! ट्यूब घालण्यापुरतं सक्सामिथोनियम किंवा रोक्युरोनियम कमी डोसात, किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यानंतर एक थेंबही नाही. पेशंट जरा हलला की व्हेक्युरोनियमचा टॉप-अप द्यायची सवय असलेल्या ओटीत मॉनिटर म्हणजे शोभेची वस्तू. भूल प्रोपोफॉल, फेंटानिल किंवा गॅसने खोल ठेवायची. हे भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशी बोलायचं असतं; टेबलावर पेशंट घेतल्यावर नव्हे. भाड्याच्या सेवेत हा फोन कुणीच करत नाही, सर्जनला वाटतं टेक्निशियन सांगेल, टेक्निशियनला वाटतं सर्जन.

ट्यूब एकदाच वापरायची असते. खर्च वाचवण्यासाठी ती धुऊन, गॅसने निर्जंतुक करून पुन्हा खपवण्याची चाल आहे. संसर्गाचा प्रश्न तर आहेच, पण वाकून-धुऊन तारांचा मुलामा उडतो, इम्पीडन्स चढतो आणि नस शाबूत असताना सिग्नल गेल्याचं सोंग उभं राहतं. सीलबंद पाकीट ओटीत सगळ्यांसमोर फोडावं आणि लॉट नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवावं. सील फुटलेलं पाकीट आलं तर परत पाठवा. अशा ट्यूबपेक्षा मॉनिटर नसलेला बरा.

वीज हा इथला वेगळा विषय. अर्थिंग कच्चं असेल तर पडद्यावर सतत जाड पट्टा दिसतो आणि लाट त्यात बुडते. मशीन यूपीएसवर, कॉटरीपासून दूर, वेगळ्या सॉकेटवर लावावं. जनरेटरवर जाताना यूपीएसने दगा दिला तर मशीन पुन्हा सुरू होतं, तेव्हा सुरुवातीची नोंद मिळाल्याबरोबर सेव्ह करून ठेवलेली असावी. शेगडीच्या पंख्यासारखा घुर्र आवाज करणारं वॉर्मर पेशंटखाली असेल तर तेही एकदा बंद करून पाहा.

व्हेगस सोडली तर सगळं वाया

जगभर मान्य असलेला क्रम सहा पायऱ्यांचा आहे. एल-१ म्हणजे ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहणं. व्ही-१ म्हणजे गाठीला हात लावण्याआधी व्हेगस तपासणं. आर-१ म्हणजे आवाजाची नस प्रथम दिसल्यावर, आर-२ म्हणजे काम संपल्यावर तीच. व्ही-२ म्हणजे शेवटी पुन्हा व्हेगस, आणि एल-२ म्हणजे ऑपरेशननंतर पुन्हा दुर्बीण.

घाईत गाळतात त्या नेमक्या व्ही-१ आणि व्ही-२. आवाजाची नस समोर दिसतेय, प्रोब लावला, टक-टक वाजलं, झालं! पण प्रोब इजेच्या वर, स्वरयंत्राच्या बाजूला लागला असेल तर खाली नस बंद पडलेली असूनही मशीन छान वाजतं. खांबावरून येणारी वायर मध्येच तुटली आणि कुणी बल्बलाच बॅटरी लावून पेटवून दाखवला, म्हणून घरात लाइट आली असं होत नाही. व्हेगसला करंट दिला तरच तो पूर्ण वळसा घालून येतो आणि सगळी नस तपासली जाते. त्यासाठी कॅरॉटिडच्या (गळ्यातल्या मोठ्या धमनीच्या) आवरणाला छोटी चीर द्यावी लागते, किंवा न उघडता जरा जास्त करंटने काम भागतं. वेळ लागतो दोन-तीन मिनिटं.

आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. व्हेगसला १ ते २ मिलिअँपिअर, नस शोधताना २, सापडल्यावर खात्रीला १. व्ही-१ ची लाट ५०० मायक्रोव्होल्टपेक्षा मोठी हवी. त्याहून लहान असेल तर पुढे जाण्याआधी ट्यूब दुरुस्त करा, कारण नंतरची सगळी तुलना याच आकड्याशी. लाट उमटायला लागणारा वेळ उजव्या व्हेगसला साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंद आणि डाव्या व्हेगसला आठच्या आसपास, कारण डावीकडचा वळसा लांब. उजवीकडे हा वेळ ३.५ पेक्षा कमी आला, किंवा व्हेगसला वरच्या बाजूस करंट दिला तर लाट येते आणि गाठीच्या खालच्या पातळीला दिला तर येत नाही, तर सावध व्हा : नस वळसा न घालता सरळ व्हेगसमधून आडवी येतेय. शंभरात एखाद्यात, जवळजवळ नेहमी उजवीकडेच, असं असतं, आणि नेहमीच्या जागी शोधत बसलेला सर्जन नेमकी तीच कापतो. केवळ या एका सावधगिरीसाठीही व्ही-१ करावी.

लाट गेली तर

१०० मायक्रोव्होल्टच्या खाली लाट आली तर सिग्नल गेला असं धरतात. पण नसेला दोष देण्याआधी जागा कोरडी करा. रक्त-पाणी साचलं असेल तर करंट त्यातूनच निसटतो. प्रोबमधून करंट खरंच जातोय का हे पडद्यावरच्या परतीच्या आकड्यावरून पाहा. मग क्रिकॉइडच्या मागे बोट ठेवून व्हेगसला करंट द्या. बोटाखाली फडफड जाणवली तर नस चालू आहे आणि ट्यूब सरकली आहे. फडफड नाही, तर दुसऱ्या बाजूची व्हेगस तपासा. ती छान वाजत असेल तर मशीन, ट्यूब, औषध सगळं ठीक आहे आणि या बाजूची नस खरोखर बंद पडली आहे. दोन्ही बाजू गप्प असतील तर बहुधा कुणीतरी टॉप-अप दिला.

सिग्नल खरंच गेला असेल तर स्वरयंत्राच्या टोकापासून खाली प्रोब सरकवत नेत लाट कुठे तुटते ते शोधायचं. त्या जागी टाका, क्लिप किंवा ताण असेल तर सोडवायचा. नसेवर कुठेच लाट नसेल तर बहुधा ताणाचा मार आहे. मग वीस मिनिटं थांबायचं, न ओढता, न छेडता. लाट सुरुवातीच्या निम्म्यावर आली तर स्वरतंतू हलण्याची आशा चांगली. नाही आली तर दुसरी बाजू त्या दिवशी उघडू नये. गाठ साधी असेल तर प्रश्नच नाही, आणि बहुतेक थायरॉइड कॅन्सरही काही आठवडे थांबू शकतात.

इथे टेबलावरच्या तंत्रापेक्षा बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांचा प्रश्न अवघड असतो. "मंग अर्धंच केलं का जी ऑपरेशन?" हे ऐकायची तयारी नसेल तर सर्जनचा हात दुसऱ्या बाजूकडे जातोच. त्यामुळे संमतीपत्रावर आधीच, मराठीत, स्पष्ट लिहा : एका बाजूचा सिग्नल गेला तर दुसरी बाजू नंतर, वेगळ्या दिवशी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून केस असेल तर दुसऱ्या भरतीचं काय आणि ट्यूब पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारायचं. नातेवाइकांना ओटीच्या दारात उभं करून हा हिशेब समजावता येत नाही.

जे मशीन करत नाही

दुसरी एक बारीक नस असते, वरच्या स्वरयंत्र-नसेची बाहेरची शाखा. ती गेली तर बोलणं नीट राहतं, पण आवाज चढत नाही, लांबवर हाक पोचत नाही. शिवारात हाळी देणाऱ्याला, बाजार समितीत हर्रास पुकारणाऱ्याला, खंजिरी भजनात वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईला, वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकात रात्रभर उभ्या असलेल्या नटाला ही इजा मोठी आहे. ट्यूब हिची लाट प्रत्येकात दाखवत नाही. थायरॉइडचा वरचा पोल (वरचं टोक) बांधण्याआधी प्रोब लावून क्रिकोथायरॉइड, म्हणजे या नसेवर चालणारा, स्नायू डोळ्यांसमोर आकसतो का हे पाहणं, आणि रक्तवाहिन्या एका मुठीत न बांधता गाठीला चिकटून एकेक करून बांधणं, हाच उपाय. भाड्याच्या पॅकेजमध्ये ही तपासणी कुणी आपणहून करत नाही. सांगावी लागते.

पुराव्याचंही सांगायला हवं. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, नुसती डोळ्यांनी नस पाहण्यापेक्षा मॉनिटरमुळे कायमची इजा कमी होते, असा ठोस निष्कर्ष निघाला नाही. शेवटी लाट चांगली असेल तर नस ठीक असण्याची खात्री ९५ टक्क्यांहून वर. लाट गेली म्हणजे नस गेलीच, हे मात्र तेवढ्या खात्रीने म्हणता येत नाही. वर सांगितलेल्या तपासण्या यासाठीच. कॅल्शियम उतरणं आणि गळ्यात रक्त साचणं यांच्याशी मॉनिटरचा काहीच संबंध नाही. रक्त साचतं ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत, तेव्हा गाव पन्नास किलोमीटर आत असेल तर मॉनिटरचा कागद कितीही सुंदर असो, पेशंटला लवकर घरी पाठवू नका.

बिल तीन भागांत मागा : मशीन, माणूस, ट्यूब-प्रोब. माणसाचे पैसे देताना व्हेगस तपासता येते का, सिग्नल गेला तर क्रमाने काय पाहायचं, हे त्याला तोंडी विचारा. उत्तरात नुसतं "इम्पीडन्स" ऐकू आलं तर तो मशीन पोचवणारा आहे.

बजेट अगदीच नसेल तर नेहमीच्या ट्यूबवर चिकटवायच्या तारांच्या पट्ट्या मिळतात; चिकटवताना सुरकुती पडली नाही तर त्या बरं काम देतात. त्याहून स्वस्त म्हणजे ०.५, १ आणि २ मिलिअँपिअर देणारा हातातला स्टिम्युलेटर आणि क्रिकॉइडमागचं बोट. लाटेचा आकडा मिळत नाही, पण चालू की बंद एवढं कळतं, आणि दुसऱ्या बाजूचा निर्णय तेवढ्यावर घेता येतो. भूलतज्ज्ञाच्या ट्रॉलीवरचा मनगटाला लावायचा स्टिम्युलेटर मात्र उघड्या नसेला कधीही लावू नये. त्याचा करंट कितीतरी पटींनी जास्त असतो.

एल-२ तर फुकटातली गोष्ट, आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते. आवाज चांगला वाटतोय म्हणून दुर्बीण टाळू नका. एक तंतू बंद असूनही दुसरा सांभाळून घेतो आणि आवाज जवळजवळ नेहमीसारखा येतो. तंतू हलत नसेल तर पेशंटने पाणी हनुवटी छातीकडे घेऊन, घोट-घोट प्यावं आणि स्पीच थेरपी लगेच सुरू करावी. ताणाने बंद पडलेल्या बहुतेक नसा काही आठवड्यांपासून सहा महिन्यांत जाग्या होतात, कायमची गेली असं वर्षभराआधी म्हणत नाहीत. आणि डिस्चार्ज कार्डाला व्ही-१, व्ही-२ चा छापील कागद जोडून द्या, तारखेसह. पुढे कधी दुसरी बाजू काढायला हाच पेशंट सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरच्या मेडिकलला गेला, तर तिथल्या सर्जनला सगळ्यात आधी तोच कागद लागेल, आणि टेक्निशियन मात्र तो पेनड्राइव्हमध्ये घेऊन केव्हाच परतलेला असतो.